उगमापासून मुखापर्यंत: नदी जमीन कशी घडवते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नदी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाणी येतं. जमीन घडवण्याचं तिचं काम समजून घ्यायचं असेल, तर पाण्याइतकंच लक्ष गाळाकडे द्यायला हवं: दगडगोटे, खडी, वाळू, माती. कुठून काय उचललं, किती लांब नेलं आणि कुठे टाकलं, यातून दऱ्या, मैदानं आणि किनारे तयार होतात. पुढचे बहुतेक प्रश्न या ना त्या वाटेने गाळापाशीच येतात.

नदीचा उगम म्हणजे नेमकी कोणती जागा?

लोक ज्या कुंडाला किंवा झऱ्याला उगम म्हणतात, ती परंपरेने ठरलेली जागा असते. भूगोलाच्या दृष्टीने उगमाचा एक बिंदू सापडणं अवघडच. पावसाचं पाणी उतारावरून आधी पातळ थरासारखं पसरून वाहतं, मग ओघळ होतात, ओघळींच्या घळी होतात आणि घळींचे ओढे. यातला कोणता ओढा ‘मुख्य’ मानायचा, हे आपणच ठरवतो. अ‍ॅमेझॉनचा उगम पेरू देशातल्या अँडीज पर्वतात नेमका कुठे मानायचा, यावर आजही एकमत नाही. गंगेच्या बाबतीत गोमुखाशी निघणारी भागीरथी उगमाचा मान घेते, पण गंगा हे नाव देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा एकत्र आल्यावर सुरू होतं.

उगम एका जागी थांबतही नाही. ओढ्याच्या डोक्याशी माती सुटते, दगड कोसळतात आणि दरी हळूहळू मागे, डोंगराच्या आत सरकते. दोन बाजूंच्या नद्या अशा एकमेकींकडे मागे सरकत असल्या आणि एकीचा उतार जास्त तीव्र असला, तर ती जलविभाजक, म्हणजे दोन नद्यांचं पाणी वेगळं करणारी डोंगरधार, फोडून दुसरीचं पाणी स्वतःकडे ओढून घेते. याला नदीचं अपहरण म्हणतात. सह्याद्रीत पश्चिमेचा उतार सरळसोट आणि पूर्वेचा लांबलचक आहे, त्यामुळे इथला जलविभाजक पूर्वेकडे सरकण्याकडेच कल असतो. गोदावरी अरबी समुद्रापासून जेमतेम 80 किलोमीटरवर उगम पावते आणि तरीही तिकडे पाठ फिरवून 1,465 किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. उतार कुठे झुकला आहे त्यावर सगळं ठरतं, समुद्र किती जवळ आहे त्यावर नाही.

नुसतं पाणी खडक कापतं, हे खरं वाटत नाही. कसं काय?

शंका रास्त आहे. स्वच्छ पाणी टणक खडकाला फारसं काही करू शकत नाही. पाण्याचा दाब खडकाच्या फटींत शिरतो आणि आधीच सुटे होत आलेले तुकडे उखडतो, एवढं नक्की. चुनखडीसारखे खडक पाण्यात विरघळतातही. पण खरं कापण्याचं काम गाळ करतो. पाण्याबरोबर घरंगळणारे गोटे आणि वाळू तळाला सतत घासत, आपटत राहतात. त्यात तळही झिजतो आणि गोटेही झिजून गुळगुळीत होतात.

इथे एक मजेशीर मर्यादा आहे. गाळ फार कमी असेल तर घासायला हत्यार नसतं. फार जास्त झाला तर तळावर त्याचीच चादर पसरते आणि खडक झाकला जातो. म्हणजे सगळ्यात जास्त खनन होतं ते मधल्या कुठल्या तरी प्रमाणाला.

पात्रातल्या खडकात पडलेले ते गोल रांजण कसे होतात?

त्यांना रांजणखळगे किंवा कुंभगर्त म्हणतात. तळातल्या एखाद्या लहानशा खोलगट जागेत भोवरा तयार होतो, त्यात खडी अडकते आणि गोल गोल फिरत खडक कोरत जाते. खळगा खोल होतो तसा भोवरा त्यात अधिक घट्ट बसतो. कुकडी नदीवरचे निघोजचे रांजणखळगे यासाठी प्रसिद्ध आहेत. तिथे उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर एखाद्या खळग्यात डोकावून पाहा: भिंतीवर आडव्या, वळसे घेत उतरणाऱ्या खोबणी दिसतात, दोन खळग्यांमधली भिंत कुठे पातळ होऊन फुटलेली असते, आणि तळाशी बऱ्याचदा ते कोरणारे गोल गोटे अजून पडलेले असतात. शेजारचे खळगे असे एकमेकांत फुटत गेले की त्यांची सलग घळई होते. बेसॉल्टसारख्या कठीण खडकात नदी खोल उतरण्याची ही एक महत्त्वाची वाट आहे.

डोंगरातल्या दऱ्या इंग्रजी ‘व्ही’ आकाराच्या का असतात?

नदी स्वतः फक्त तिच्या पात्राएवढी चीर खाली कापते. तिला एकटीला सोडलं तर करवतीने कापावी तशी उभ्या भिंतींची घळईच होईल. पण दोन्ही काठ उघडे पडताच ऊन, पाऊस, झाडांची मुळं, बर्फ आणि गुरुत्वाकर्षण आपापलं काम सुरू करतात. दरडी कोसळतात, माती घसरते आणि सगळा माल नदीत येऊन पडतो. नदी तो वाहून नेते, म्हणून उतार पुन्हा उघडे पडतात. व्हीचं टोक नदीने केलेलं असतं आणि दोन्ही बाहू उतारांनी. खडक फार टणक असेल किंवा हवा फार कोरडी असेल तर बाहू रुंदावत नाहीत आणि घळई घळईच राहते.

दोन्ही गोष्टी एकत्र पाहायच्या असतील तर कोलोरॅडो नदीची ग्रँड कॅन्यन बघावी. लांबी सुमारे 446 किलोमीटर, खोली काही ठिकाणी 1,800 मीटरच्या आसपास. मऊ थरांवर तिच्या भिंती उतरत्या आहेत आणि टणक थरांवर ताठ उभ्या, त्यामुळे सगळी दरी पायऱ्यापायऱ्यांची दिसते. नदीने ती कापायला सुरुवात केली त्याला साधारण 50 ते 60 लाख वर्षं झाली, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात.

नदी सरळ डोंगररांग भेदून पलीकडे कशी जाते?

पाणी डोंगर चढत नाही. मग सिंधू, सतलज आणि ब्रह्मपुत्रा हिमालय ओलांडून कशा आल्या? बहुतेकांना मान्य असलेलं उत्तर असं की नदी आधी होती, डोंगर नंतर वर आला. जमीन उचलली जात असताना नदी त्याच वेगाने खाली कापत राहिली आणि आपली वाट तिने सोडली नाही. अशा नद्यांना पूर्ववर्ती नद्या म्हणतात. ब्रह्मपुत्रा तिबेटात त्सांगपो या नावाने पूर्वेकडे वाहते, 7,782 मीटर उंच नामचा बरवा शिखराला वळसा घालते आणि जगातल्या सर्वांत खोल दऱ्यांपैकी एका दरीतून खाली उतरते. माझ्या मते नदीच्या ताकदीचा याहून मोठा पुरावा नाही: वर येणाऱ्या हिमालयाशी बरोबरीने तिने खाली कापलं.

धबधबा मागे सरकतो म्हणजे काय?

वर टणक थर आणि खाली मऊ थर असला की खालचा लवकर झिजतो. कोसळणारं पाणी आणि त्यातले दगड खाली कुंड कोरतात, वरचा थर आधाराविना पुढे झुकतो आणि एक दिवस तुटून पडतो. कडा एक पाऊल उगमाकडे सरकतो. नायगारा धबधबा असा सुमारे 12,000 वर्षांत साधारण 11 किलोमीटर मागे गेला, आणि त्याच्या खाली राहिलेली घळई हाच त्या प्रवासाचा माग आहे. वरचा थर डोलोमाइटचा, खालचा मऊ शेलचा. आता तिथलं निम्मं किंवा त्याहून जास्त पाणी वीजनिर्मितीसाठी वळवतात, म्हणून मागे सरकण्याचा वेगही पुष्कळ मंदावला आहे.

डोंगरात नदी वेगात असते आणि सपाटीवर संथ. बरोबर ना?

दिसतं तसं, पण मोजल्यावर बहुतेकदा उलट निघतं. अमेरिकी जलशास्त्रज्ञ लूना लिओपोल्ड यांनी 1953 साली दाखवून दिलं की खाली जाताना नदीचा सरासरी वेग कमी होत नाही, बऱ्याचदा किंचित वाढतो. डोंगरातला ओढा फेसाळतो, उसळतो, आवाज करतो, पण त्याची बरीचशी ऊर्जा धोंड्यांवर आपटण्यात आणि भोवऱ्यांत खर्च होते. खालची नदी खोल असते, तिचा तळ मऊ असतो, त्यामुळे तळाशी आणि काठाशी घर्षणात जाणारा वाटा कमी. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या या पाण्यात उतरणाऱ्याला त्याची ओढ चांगलीच कळते, आणि संथ दिसणाऱ्या नदीत लोक बुडतात ते यामुळेही.

मग ती सपाटीवर गाळ का टाकते? कारण मोठे दगड हलवण्याचं बळ वेगाइतकंच उतारावर अवलंबून असतं. उतार मंदावला की तळावरची ओढ कमी होते आणि आधी धोंडे थांबतात, मग गोटे, मग खडी. बारीक माती मात्र तशीच पुढे जाते. पाणी काठ सोडून पसरलं, वळणाच्या आतल्या बाजूला थबकलं किंवा समुद्राला भिडलं, की तीही बसते.

म्हणजे शाळेत शिकलो ते ‘वर खनन, मधे वहन, खाली संचयन’ चुकीचं?

चुकीचं म्हणणार नाही, पण फार ढोबळ आहे. अमेरिकी भूगोलतज्ज्ञ विल्यम मॉरिस डेव्हिस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भूरूपांची युवा, प्रौढ आणि वृद्ध अशी अवस्थाचक्राची मांडणी केली आणि पाठ्यपुस्तकांनी ती उचलून धरली. प्रत्यक्षात नदी प्रत्येक ठिकाणी तिन्ही कामं करते. डोंगरातही तिचे वाळूचे पट्टे असतात आणि मुखाजवळही ती काठ कापून गावं गिळते. आसाममधल्या माजुली बेटाकडे पाहा. ब्रह्मपुत्रेने ते सपाट प्रदेशात कापत आणलं आहे आणि गेल्या शतकभरात त्याचा अर्ध्याहून अधिक भूभाग गेला.

एका ठिकाणची उलथापालथ दुसरीकडे कशी पोचते, तेही इथेच दिसतं. 15 ऑगस्ट 1950 रोजी आसामात 8.6 तीव्रतेचा भूकंप झाला. डोंगरांत असंख्य दरडी कोसळल्या, तो सगळा माल नद्यांत आला आणि पुढच्या काळात दिब्रुगडजवळ ब्रह्मपुत्रेचा तळ काही मीटरनी उंचावला. काठ कापले जाण्याचा वेगही त्यानंतर वाढला.

डोंगराच्या पायथ्याशी नदी एवढा गाळ का टाकते, आणि कोसी वारंवार वाट का बदलते?

दरीतून बाहेर पडताच दोन गोष्टी एकदम होतात: उतार मंदावतो आणि काठांचं बंधन सुटतं. पाणी पसरतं, उथळ होतं आणि जड माल तिथेच टाकतं. पात्र भरून आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच झालं की पाणी शेजारच्या सखल भागात उडी घेतं. तिथेही तेच. अशा अनेक वाटांनी गाळ पसरत पंखाकृती मैदान तयार होतं.

नेपाळमधून बिहारमध्ये उतरणाऱ्या कोसीचा पंखा जगातल्या मोठ्या पंख्यांपैकी एक आहे. गेल्या दोनशे-अडीचशे वर्षांत ती पश्चिमेकडे शंभराहून अधिक किलोमीटर सरकली होती. विसाव्या शतकात तिला दोन तटबंधांत कोंडलं. गाळ मात्र येतच राहिला, आणि आता तो तटबंधांच्या आतच बसू लागला. 18 ऑगस्ट 2008 रोजी नेपाळमधल्या कुसहाजवळ तटबंध फुटला आणि कोसी पूर्वेकडच्या आपल्या जुन्या वाटेने बिहारमध्ये शिरली. लाखो लोकांची घरं पाण्यात गेली. त्या दिवशी नदीतलं पाणी तटबंधाच्या क्षमतेच्या आसपासही नव्हतं, पुष्कळ कमी होतं. पुरात पाण्याची पातळी मोजायची आणि तळाची उंची विसरायची, या सवयीची किंमत तिथल्या माणसांनी मोजली. नदीच्या व्यवस्थापनाबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाने ही घटना नीट अभ्यासावी असं मला मनापासून वाटतं.

सपाटीवर नदी नागमोडी का वाहते? समोर अडथळा नसला तरी?

याचं सुंदर स्पष्टीकरण अल्बर्ट आइनस्टाइन यांनी 1926 सालच्या एका छोट्या लेखात दिलं. कपातला चहा चमच्याने ढवळून थांबलं की चहाची पानं कपाच्या तळाशी मध्यभागी गोळा होतात. खरं तर फिरणाऱ्या वस्तू कडेला फेकल्या जायला हव्यात. होतं असं की तळाशी घर्षणामुळे पाणी सावकाश फिरतं, वरचं जलद. वरचं पाणी बाहेर ढकललं जातं, कडेने खाली उतरतं आणि तळावरून आत परततं, येताना पानांना घेऊन येतं.

नदीच्या वळणावर हेच घडतं. पृष्ठभागाचं वेगवान पाणी बाहेरच्या काठावर आदळतं, खाली जातं, काठाचा पायथा पोखरतं आणि तळावरून आतल्या काठाकडे वाळू सरकवतं. बाहेर कडा उभा राहतो, आत वाळूचा उतरता पट्टा वाढतो. एकदा जराशी बाक आली की ती आपोआप वाढत जाते. वळणांच्या आकारालाही नियम आहे: एका पूर्ण वळणाची लांबी पात्राच्या रुंदीच्या साधारण 10 ते 14 पट भरते, मग तो शेतातला ओढा असो की एखादी विशाल नदी.

नालाकृती सरोवर म्हणजे काय?

वळण वाढत वाढत त्याच्या दोन टोकांमधली जमीन अरुंद होते. एखाद्या पुरात नदी ती मान तोडून सरळ जाते, जुन्या वळणाची तोंडं गाळाने बुजतात आणि घोड्याच्या नालासारखं तळं मागे उरतं. बिहारमधलं काबरताल असंच गंडक नदीच्या जुन्या वळणातून उरलेलं आहे, आणि 2020 साली ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं.

सीमा नदीवर ठरवल्या की यातून खटले उभे राहतात. 1877 साली मिसूरी नदीने एका पुरात वळण तोडलं आणि आयोवा राज्याचा एक तुकडा नेब्रास्काच्या बाजूला गेला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचलं. 1892 साली न्यायालयाने सांगितलं की नदी हळूहळू सरकली तर सीमा तिच्याबरोबर सरकते, एकदम उडी मारली तर सीमा जुन्या जागीच राहते. म्हणून कार्टर लेक हे गाव आजही नदीच्या ‘चुकीच्या’ काठावर असून आयोवात आहे.

पूर ही आपत्ती आहे की नदीचं नेहमीचं काम?

काठावर राहणाऱ्यासाठी आपत्ती असू शकते, नदीसाठी ते काम आहे. वर्षातले बहुतेक दिवस ती जमिनीत फारसा बदल करत नाही. 1960 साली वोल्मन आणि मिलर या शास्त्रज्ञांनी मांडलं की दर वर्षा-दोन वर्षांनी येणारे काठोकाठचे मध्यम पूर दीर्घकाळात सगळ्यात जास्त गाळ वाहून नेतात. मोसमी पावसाच्या खडकाळ नद्यांचं गणित मात्र वेगळं आहे. पुण्याचे भूरूपशास्त्रज्ञ विश्वास काळे आणि सहकाऱ्यांनी नर्मदा-तापीच्या महापुरांचा अभ्यास केला. या नद्यांत मोठे धोंडे हलवणं आणि खडक फोडणं हे काम क्वचित येणाऱ्या मोठ्या पुरांवर सोपवलेलं असतं.

पूर काठाबाहेर पसरला की वेग काठापाशीच एकदम कमी होतो, म्हणून जाड वाळू तिथे पडते आणि काठाला समांतर उंचवटा तयार होतो, त्याला पूरतट म्हणतात. बारीक माती लांब मैदानात जाते. पूरमैदान सुपीक असतं ते या मातीमुळे. माणसाने पूरतटांवर आणखी भर घातली की गाळ मैदानात जायचा थांबतो आणि पात्रातच बसतो. चीनच्या पीत नदीने हे टोकाला नेलं आहे. काइफंग शहराजवळ तिचा तळ बाहेरच्या जमिनीपेक्षा सुमारे 10 मीटर उंच आहे. 1855 साली तिने तट फोडले तेव्हा तिचं मुख शानडाँग द्वीपकल्पाच्या दक्षिणेकडून उत्तरेकडे गेलं.

सगळ्याच नद्यांना त्रिभुज प्रदेश का नसतो?

नदी किती गाळ आणते आणि समुद्र किती उचलून नेतो, यावर ते ठरतं. मिसिसिपीपुढे समुद्र शांत आहे, म्हणून तिचा त्रिभुज प्रदेश पाण्यात बोटांसारखा पसरतो. नाईलच्या मुखाशी लाटांनी किनारा कमानीसारखा घडवला. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखाशी भरती-ओहोटीने खाड्या आणि बेटांचं जाळं विणलं. नर्मदा आणि तापी खंभातच्या आखातात मिळतात, तिथली भरती-ओहोटी इतकी जोरदार की गाळ साचून राहत नाही. अ‍ॅमेझॉन वर्षाला सुमारे अब्ज टन गाळ आणते, पण सागरी प्रवाह त्यातला मोठा वाटा किनाऱ्याने वायव्येकडे, गयानाच्या दिशेने नेतात.

यामागे काळाचाही हिशेब आहे. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्र आजच्यापेक्षा अंदाजे 120 मीटर खाली होता. बर्फ वितळल्यावर तो वर चढला आणि नद्यांची खालची खोरी बुडून खाड्या झाल्या. चढण्याचा वेग साधारण 8,000 ते 6,500 वर्षांपूर्वी मंदावला, तेव्हा कुठे आजचे त्रिभुज प्रदेश साचायला लागले. म्हणजे हे भूभाग फार तरुण आहेत, आणि त्यांचा गाळ स्वतःच्याच वजनाने दबत जात असल्यामुळे सतत खचतही आहेत. वरून नवा गाळ आला तरच ते टिकतात.

समुद्राला मिळाल्यावर नदीचं काम संपतं का?

नाही. हिमालयातून आलेल्या गाळाचा ढिगारा बंगालच्या उपसागराच्या तळाशी सुमारे 3,000 किलोमीटर लांब पसरला आहे. कांगो नदीच्या मुखापासून समुद्राखाली एक प्रचंड दरी आत जाते. जानेवारी 2020 मध्ये तिच्यातून गाळाचा एक लोंढा 1,100 किलोमीटरहून लांब गेला आणि त्याने समुद्रतळावरच्या दूरसंचार केबल तोडल्या.

धरण बांधल्यावर खालच्या नदीचं काय होतं?

पाण्याची चर्चा सगळे करतात, गाळाची कोणी करत नाही. जलाशयात पाणी थांबतं, गाळ तिथेच बसतो आणि खाली गाळाविना पाणी सुटतं. त्या पाण्याची वाहून नेण्याची ताकद शिल्लक असते, म्हणून ते धरणाखालचा तळ आणि काठ खरवडतं. आणि पार मुखाशी किनारा उपाशी राहतो. 1970 साली आस्वानचं मोठं धरण पूर्ण झाल्यावर नाईलचा जवळजवळ सगळा गाळ नासर सरोवरात अडकला, आणि रशीदजवळ समुद्रात घुसलेलं नाईलच्या मुखाचं टोक लाटांनी झपाट्याने खाल्लं.

उलटा प्रयोगही झाला आहे. अमेरिकेतल्या एल्वा नदीवरची दोन धरणं 2011 ते 2014 दरम्यान पाडली. मागे साचलेला गाळ खाली आला आणि मुखाशी दगडगोट्यांच्या किनाऱ्याच्या जागी काही वर्षांतच वाळूचा नवा किनारा आणि वाढता त्रिभुज प्रदेश उभा राहिला.

थोडीफार वाळू उपसली तर काय बिघडतं? पावसाळ्यात खड्डा भरतोच की.

भरतो, पण कशाने ते पाहा. खड्ड्याच्या वरच्या कडेशी उतार एकदम तीव्र होतो, तिथे पाणी तळ कापायला लागतं आणि ती कड उगमाकडे सरकत जाते. खड्डा भरणारी वाळू वरच्या पात्रातूनच आलेली असते. पुढच्या भागाला तेवढी कमी मिळते, म्हणून तोही खचतो. खड्डा एके ठिकाणी, परिणाम दोन्ही दिशांना. पुलांचे पाये उघडे पडतात, काठ ढासळतात, पात्र खाली गेल्यामुळे शेजारच्या विहिरींची पातळी उतरते. वर्षाला नदी जेवढी वाळू आणते त्याहून जास्त काढली तर हे अटळ आहे, आणि तो आकडा मोजल्याशिवाय ‘थोडीफार’ या शब्दाला काही अर्थ नाही.

माझ्या जवळच्या नदीत हे सगळं ओळखायचं कसं?

पाणी कमी असताना गोट्यांच्या पट्ट्यावर जा. चपटे गोटे एकमेकांवर रेलून बसलेले दिसतील, त्यांची रुंद बाजू उगमाकडे आणि वरची कड प्रवाहाच्या दिशेने झुकलेली. अशा स्थितीत पाणी त्यांना उचलण्याऐवजी खाली दाबतं, म्हणून ते टिकतात. जुन्या, कोरड्या थरांतही ही ठेवण दिसली की तिथली नदी एके काळी कोणत्या दिशेने वाहत होती ते सांगता येतं.

मग ताज्या कापलेल्या काठाकडे पाहा. बऱ्याचदा खाली गोटे, त्यावर वाळू आणि वर बारीक माती असा क्रम असतो: खाली जुन्या पात्राचा तळ, वर नदी दूर सरकल्यानंतर आलेल्या पुरांची माती. मातीच्या मधेच जाड वाळूचा पट्टा दिसला तर तो नेहमीपेक्षा मोठ्या पुराचा असण्याची शक्यता जास्त. झाडांच्या फांद्यांत अडकलेला काडीकचरा गेल्या पुराची उंची दाखवतो. तिथून सरळ आडवी नजर टाकली की त्या पातळीच्या खाली कोणती घरं आणि शेतं येतात ते दिसतं.